पॉइंट्स विकणाऱ्या खोलीतला सोफा

या मित्रांनो, पण माझ्यावर बसू नका. मी एक जुना सोफा आहे आणि माझ्यावर बसलेल्यांचे फारसे भले झालेले नाही.

मला घडवताना एका कंपनीचे साहेब सुताराला म्हणाले होते, "बैठक खोल कर, मागे उतरती. बसलेल्या माणसाला पटकन उठता येता कामा नये." मला वाटले, माणसांच्या आरामाची केवढी ही काळजी! किती भोळा होतो मी.

साहेबांची कंपनी सुट्ट्या विकायची. तिच्या एका खोलीत मला ठेवले. तिथे खिडकी नव्हती, समुद्राचे मोठे चित्र होते. भिंतीवर घड्याळही नव्हते. भेटवस्तूचे आमिष दाखवून लोकांना बोलवत, माझ्यावर बसवत आणि पॉइंट्स विकत. एकदा मोठी रक्कम भरायची, मग दरवर्षी पॉइंट्स मिळणार आणि ते वापरून कंपनीच्या हॉटेलांत राहायचे. देखभालीचा खर्च मात्र दरवर्षी वेगळा, आणि तोही कायमचा. एवढे शेवटचे वाक्य विक्रेता घाईघाईने उरकत असे. माझे तेव्हा फार कौतुक होते. "हा सोफा आपल्याला लाभतो," असे सगळे म्हणत आणि मी फुशारून जाई.

एकदा एक चष्मेवाले आले. सोबत बायको आणि लहान मुलगी. मुलगी सारखी बिस्कीट कुरतडत होती, म्हणून घरचे तिला खारू म्हणत.

बायको म्हणाली, "माझा भाऊ सांगत होता, जुने सभासद हेच पॉइंट्स पाव किमतीत विकतात. मग तुमच्याकडून कशाला घ्यायचे?"

विक्रेत्याचे हसू तसूभरही हलले नाही. "वहिनी, बाहेरून घेतलं की सगळ्या सवलती मिळत नाहीत. परदेशातली हॉटेलं बंद. शेवटी सेकंडहँड ते सेकंडहँडच."

मित्रांनो, यात खोटे काही नव्हते. सवलती खरोखरच कमी मिळत. पण लोक आपले पॉइंट्स असे मातीमोल का विकतात, हे कुणीच विचारले नाही.

चष्मेवाल्यांना तो एकच शब्द झोंबला. "जन्मभर थोरल्या भावाचं उतरलेलं घातलं मी," ते म्हणाले. "माझ्या लेकीला तरी कोरं मिळू दे."

"अहो, घरी जाऊन विचार करू ना," असे म्हणत बायको उठू लागली. पण माझ्या खोल बैठकीतून तिला उठता येईना, ती पुन्हा मागे पडली. तेवढ्यात सही झाली. खोलीभर टाळ्या वाजल्या. त्या दिवशी मला प्रथमच स्वतःची भीती वाटली.

पुढे माझे कापड विरले, स्प्रिंगा कुरकुरू लागल्या. मला मागच्या खोलीत टाकले. पॉइंट्स नको झालेले लोक तिथे बसतात. तिथे कुणी टाळ्या वाजवत नाही.

एका दुपारी चष्मेवाले एकटेच आले. पार थकले होते. कारकुनाला म्हणाले, "साहेब, बायको गेली, दुकान बंद केलं. हे पॉइंट्स परत घ्या."

"कंपनी परत घेत नाही, काका. बाहेर विका."

"बाहेर फुकट देतो म्हटलं तरी कुणी हात लावत नाही. वर्षाचा खर्च कोण गळ्यात बांधून घेईल? मला पैसे नकोत हो. फक्त माझ्यामागे हे खारूच्या माथी मारू नका."

"बघू," कारकून म्हणाला.

"आणि तिला सांगू नका. लाज वाटते."

ते पुन्हा पुन्हा येत राहिले. दर वेळी तोच "बघू." मग ते यायचे थांबले.

परवा खारू आली. आता ती मोठी झाली आहे. ती बरोबर वडिलांच्याच जागी बसली. कारकुनाने तिला पाणी दिले, हळहळ व्यक्त केली आणि कागद पुढे सरकवला. "वडिलांची आठवण आहे. तुमच्या नावावर करून घ्या."

तिने विचारले, "बाबांनी हे सोडायचा कधी विचार केला होता का? इथे आले होते ते?"

"छे हो! त्यांचा जीव होता यात."

मला ओरडावेसे वाटले. माझ्या स्प्रिंगा तेवढ्या कुरकुरल्या. खारूने डोळे पुसले आणि सही केली.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. घरातले कुणी असे काही घ्यायला निघाले तर त्यांचा हात धरा. कंपनीकडून कोरे घ्या नाहीतर बाहेरून स्वस्तात, वर्षाचा खर्च दोन्हीकडे सारखाच मागे लागतो. म्हणून आधी मागच्या खोलीत जा आणि तिथे बसलेल्यांशी बोला. उशीर करू नका. कारण खारूची सही वाळायच्या आत कारकुनाने तिला मायेने विचारले, "वारस म्हणून कुणाचं नाव घालू?" तेव्हा ती पहिल्यांदा हसली आणि तिने आपल्या तान्ह्या बाळाचे नाव सांगितले.