ड्रोन यांचा, पाय माझे

आमचे हे नोकरीभर भिलाईच्या कारखान्यात क्रेन चालवत होते. रस्त्यावरची क्रेन नव्हे, शेडच्या छताखालून रुळांवर धावणारी. वर काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि खाली उभा असलेला माणूस हाताने खूण करेल तसा बोजा उचलायचा, सरकवायचा, ठेवायचा. खाली बहुतेक वेळा हेमराजभाऊ असायचे. यांचा नियम एकच, खालून खूण आल्याशिवाय बोट हलवायचं नाही. घरीही तेच. "आंघोळीला उठा" म्हटल्याशिवाय आंघोळ नाही, "वाढलं" म्हटल्यावरही दोनदा हाक मारावी लागते.

रिटायर झाल्यावर हेमराजभाऊ आमगावला शेतीवर गेले, आणि खूण करणारं कोणी उरलं नाही. सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये हे दिवाणावर बसले ते बसलेच. टीव्ही चालू आणि डोळे भिंतीवर. साखर आम्हा दोघांनाही आहे, पण मी निदान भाजीला तरी बाहेर पडते. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. यांनी मान हलवली आणि घरी येऊन पुन्हा दिवाण धरला. मी बोलले, रुसले, एकदा तर दिवाणावरच ओले कपडे वाळत घातले. हे कपडे बाजूला सरकवून बसले. मला हसू आलं, पण आतून भीतीही वाटली. माणूस दिवसेंदिवस गप्प होत चालला होता.

आमची टीना पुण्यात नोकरीला. तिने बाबांच्या वाढदिवसाला छोटासा ड्रोन पाठवला. "आई, बाबांले वरून पाहायची आदत आहे," ती फोनवर म्हणाली. "इसी बहाने घरून निघतील. मन लागंल, थोडं चलना-फिरना होईल."

घरातून निघाले, हे खरं. मागच्या मैदानात मी पुढे, हातात प्लास्टिकची खुर्ची. हे मागे, हातात ड्रोन. मी खुर्ची मांडली, हे बसले आणि ड्रोन भर्रकन वर गेला. यांचा चेहरा इतका खुलला की खुर्ची वाहिल्याचा माझा राग पार उतरला. वर गेलेला ड्रोन मात्र तिथेच थांबून राहिला.

"का झालं?" मी विचारलं.

"तू जा न त्याच्या खाली. मले साइन कोण देईल?"

"साइन कायले पाहिजे जी?"

"बिना साइनचा मी लोड नाई हलवत."

"लोड? एवढुसा डास तो!"

"लोड म्हणजे लोड," हे म्हणाले, आणि मला तिथल्या तिथे शिकवणी सुरू झाली. बोट वर करून फिरवलं की चढव. तळहात खाली दाबला की उतरव. हात लांब केला की त्या बाजूला ने. बोटं आपल्याकडे ओढली की माझ्याकडे आण. दोन्ही हात आडवे ताठ पसरले की थांब. "अन् ध्यानात ठेव, हलवायची साइन फक्त आपल्या माणसाची मानायची. थांबायची साइन कोणाचीही."

त्या दिवसापासून ड्रोन आंब्याकडे निघाला की मी आंब्याकडे, ड्रोन पाण्याच्या टाकीकडे निघाला की मी टाकीकडे. साडी खोचून, बोट वर करून फिरवत. शेजारची भाग्यश्री एकदा थांबून बघत राहिली. "काकी, ये कौन-सा योगा है?"

"माझ्या नवऱ्याचा," मी म्हटलं.

काही महिन्यांनी दोघांनी रक्त तपासलं. डॉक्टर माझा रिपोर्ट बघून खूश. "भाभीजी, क्या बात है! आजकल क्या कर रही हैं?"

मी तोंड उघडायच्या आत हे छाती काढून म्हणाले, "सर, मुझे ड्रोन का शौक लगा है."

डॉक्टर हसले. मग त्यांनी यांचा रिपोर्ट हातात घेतला आणि त्यांचं हसू मावळलं. "आपका तो और बढ़ गया. ऐसे ही चला तो अगली बार इंसुलिन शुरू करना पड़ेगा."

आम्ही स्कूटरवरून घरी आलो. संध्याकाळ झाली आणि हे म्हणाले, "चल, खुर्ची घे."

मी घेतली. पण अशी आपटून मांडली की पाय मातीत रुतले.

ड्रोन मैदानाच्या पार टोकाला पोचला तेव्हा मी त्याच्या खाली उभी राहिले आणि दोन्ही हात आडवे पसरले. ड्रोन थांबला. मी हात तसेच ठेवले.

"का झालं?" तिकडून ओरडा आला.

"अवो टीनाची आई, साइन दे न! बॅटरी जाऊन राहिली!"

एक बटण दाबलं असतं तर ड्रोन आपोआप परत गेला असता. दुसऱ्या कोणीही दाबलं असतं. पण आमच्या यांना खालून खूण हवी. माझे खांदे भरून आले, तरी मी हात खाली घेतले नाहीत.

शेवटी खुर्ची मागे कलंडली. रिमोट छातीशी धरून हे भराभरा चालत, मध्ये थोडं पळतसुद्धा, अख्खं मैदान ओलांडून आले.

"कावून अशी करून राहिली? पडंल न तो!"

"पडू द्या! ड्रोन तुमचा, चालून राहिली मी, साखर उतरली माझी. मले एकटीले बरी होऊन का करायचं आहे जी?"

बोलता बोलता मला रडू फुटलं. भर मैदानात, हात पसरलेले असताना. हे नुसते बघत राहिले. किती तरी दिवसांनी त्यांनी माझ्याकडे असं बघितलं.

"हात दुखत असतील न," हे हळूच म्हणाले. "उतरवायची साइन दे."

मी तळहात खाली दाबला. ड्रोन गवतावर टेकला. यांनी तो उचलला आणि रिमोट माझ्या हातात दिला. "उद्यापासून तू चालव. साइन मी देतो. हेमराजसारखी."

"म्हणजे मी खुर्चीत बसू?"

"खुर्ची आणायचीच नाई."

हे चालत खुर्चीपर्यंत गेले, ती झटकून खांद्यावर घेतली आणि वळून पाहिलं. मी अजून डोळे पुसत तिथेच उभी होते. यांनी मोकळा हात वर केला आणि बोटं आपल्याकडे ओढली.

हलवायची खूण फक्त आपल्या माणसाची मानायची. मी निघाले.