अंबरचे पेढे, अंबरची बर्फी

आमच्या गडबची बायजाबाई कोंबडीचं अंडं कानाला लावून सांगते, आत कोंबडा आहे की तलंग. एकदाच चुकली, तर त्या कोंबड्याने तिचा मान राखायला दोन अंडी घातली. मी पाहिली आहेत.

अशा बाईला सून प्रणिताने रोह्याहून, माहेरी बाळंत झाल्यावर, निरोप धाडला : बाळ सुखरूप. नाव अंबर. गावात पेढे आणि बर्फी दोन्ही वाटा, मग बघायला या.

आमच्याकडे मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. दोन्ही कुणी वाटत नाही.

"पोपटभाऊ, नाव बी असं, पोराला चालतं नि पोरीला बी," बायजाबाई म्हणाली. "यात कायतरी हाय."

"जुळं असंल."

"जुळ्याला एक नाव?"

तिने मुलाला फोन लावला. काळुराम रोह्यालाच कंपनीत. "शिफ्टवर हाय गो आय," म्हणून त्याने फोन ठेवला. संशय दुप्पट झाला.

मला कारण ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी मृणाली झाली, तेव्हा बायजाबाईने बर्फीचे पुडे फडताळातच ठेवले. ते खाऊन मुंग्या इतक्या माजल्या की फडताळ उचलून दारापर्यंत आल्या. प्रणिता ते विसरली नव्हती. ह्या खेपेला बाळाचा आनंद आधी, बाकीचं मागून.

तीन दिवस बायजाबाई धुमसली. चौथ्या दिवशी दोन्ही पुडे घेऊन निघाली.

"पोरगा की पोरगी?" घरोघर विचारणा.

"खा मुकाट."

बारशाला मीही गेलो. बायजाबाईने दुपट्यातलं बाळ मांडीवर घेतलं आणि अंड्यासारखा कान त्याच्या पोटाला लावला.

"काय म्हणतंय, आई?" प्रणिताने विचारलं. तिचा हात बाळावरून हलत नव्हता.

"भूक लागली म्हणतंय. लंगोट बी भिजलाय. दे कोरडा."

लंगोट बदलेपर्यंत प्रणिता सासूच्या तोंडाकडे बघत राहिली, पडतं की फुलतं. ते जागचं हललं नाही. बायजाबाईने गाठ मारली, बाळाचा मुका घेतला आणि कोपऱ्यातल्या मृणालीला जवळ ओढलं.

"हिची बर्फी वाटायची राहिली गो. उद्या वाटू."

तेव्हा कुठे प्रणिताने हात काढला.

गडबला उतरलो, तर लोक फाट्यावरच उभे. "बायजाबाय, काय झालं?"

"अंबर," म्हणून ती चालू लागली.

अंबर आता दोन वर्षांचं आहे. गावाला अजून पत्ता नाही. मला माहीत आहे, पण मी सांगितलेलं कुणी खरं धरत नाही.