वाफेने खाल्लेली ओळ

मित्रांनो, माझ्या तोंडाचा टवका उडालाय, तरी मला भंगारात काढू नका. मी तपकिरी काचेची जुनी बाटली आहे. तुमच्या निर्गुडीची एक बहीण युरोपच्या दक्षिणेकडच्या उन्हात वाढते. तिच्या मिऱ्यांएवढ्या फळांच्या गोळ्या कारखान्यात माझ्या पोटात भरल्या. अंगावर कागद चिकटवला: ‘पाळीपूर्वीच्या त्रासासाठी’. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती.

फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या गावात पोस्टातल्या हेल्वीने मला आणलं. पाळीच्या आधी तिची छाती दुखे आणि जिभेची तलवार होई. तीन महिन्यांत तलवार म्यानात गेली. मग काय विचारता! तिचा नवरा पुन्हा शीळ घालू लागला, कोंबड्या दुप्पट अंडी देऊ लागल्या, तळ्यातले मासे आपणहून जाळ्यात येऊ लागले. मासे तेवढे माझ्या पदरचे. बाकी गावच सांगे.

हेल्वीने मला गावच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, कपडे बदलायच्या खोलीतल्या फळीवर ठेवलं. दर शनिवारी बायका तिथे वाफ घ्यायला जमत. जिला हवी तिने गोळी घ्यावी, संपत आल्या की कुणीतरी नव्या आणून माझ्यात ओताव्यात, असा रिवाजच पडला. नवी खोकी घरच्या चुलीत जात. वाफेने माझा कागद खालून सुटत गेला. ती बारीक ओळ सगळ्यांत आधी गळाली. कुणाला पत्ताही नाही.

मग आली शाळेची बस चालवणारी राऊहा. तिचं रक्त बारा-बारा दिवस थांबेना.

“दोन घे,” हेल्वी म्हणाली. “मला एकीने गुण आला. तू तर माझ्या दुप्पट!”

“अगं, त्यातलं निम्मं लोणीच आहे,” राऊहा हसली आणि दोन घेतल्या. पुढे चार घेऊ लागली. बूट काढतानाही तिला धाप लागे. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणे, “बाईच्या जातीला एवढं चालायचंच.”

मी सारं बघत होते. पण बाटलीला तोंड असतं, जीभ नसते.

एका शनिवारी राऊहा आतल्या बाकावरून कोसळली. बायकांनी तिला उचलून माझ्यासमोर निजवलं.

“उष्णतेने झालं,” हेल्वी म्हणाली. “पाणी मारा.”

ऐंशीच्या सायमाआजीने राऊहाची खालची पापणी ओढून पाहिली. “उष्णतेने माणूस लाल होतं, हेल्वी. आरशात बघ, तुझं बीट झालंय. मग ही ताकासारखी पांढरी का? रुग्णवाहिका बोलाव!”

गर्भाशयात मोठी गाठ निघाली. रक्त चढवावं लागलं, मग शस्त्रक्रिया. गाठ कर्करोगाची नाही, हे कळेपर्यंत दोन शनिवार सॉनात कुणी हसलं नाही.

हेल्वी मला कचऱ्यात टाकायला निघाली. बरी होऊन आलेल्या राऊहाने तिचा हात धरला.

“तिचा काय दोष? तुझा त्रास तिच्या आवाक्यातला होता, माझा नव्हता. तिला डॉक्टर आपणच केलं.”

मग गोळ्यांच्या एका नव्या खोक्यावर वाचलेली तीच गळालेली ओळ तिने नखं रंगवायच्या लाल रंगाने माझ्या काचेवरच लिहिली: ‘त्रास थांबला नाही तर डॉक्टरांना दाखवा.’

मित्रांनो, आता माझ्यात एकही गोळी नाही. फळीवर मी आहे ती या ओळीपुरती. तुमच्या घरी आई, मावशी, ताई कुणीही “चालायचंच” म्हणाली, तर ही ओळ तिला मोठ्याने म्हणून दाखवा. मला ते जमलं नाही. तुम्हाला जीभ आहे.