तुमच्यात किती मेले?

आमच्या घरी भांडण व्हायचं ते मेलेल्या माणसांवरून. जेवायला बसलं की सासऱ्यांची गाडी कारखान्याच्या संपावर यायची. तेव्हा गरीब पुरुषांना मतदानाचा हक्क नव्हता. मग संप झाला, गोळीबार झाला, सात जण गेले, सासऱ्यांचा गुडघा फुटला, तेव्हा कुठे मत मिळालं. एवढं सांगून झालं की ते माझ्याकडे आणि नणंदेकडे बघून मिशीतल्या मिशीत हसायचे.

"आता तुम्हा बायकांनाही मत हवंय. तुमच्यात किती मेले?"

"बाबा, संपात तुमचे डबे कोण पोचवत होतं?" नणंद विचारायची. तिच्या जिभेमुळे तिला सगळे मिरचीच म्हणत.

"डबे पोचवून राज्य मिळत नाही, पोरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आम्ही दोघी एका लॉन्ड्रीत इस्त्री करायचो. पोलिसांचे गणवेश आमच्याकडेच यायचे. बायकांच्या मोर्च्याच्या आदल्या दिवशी चाळीस आले, तातडीचे. मिरची कॉलरवर इस्त्री दाबत म्हणाली, "वहिनी, मार खायचाच आहे तर नीटनेटक्या माणसाकडून खाऊ."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कचेरीसमोर पोलिसांनी आमच्या अंगावर घोडे घातले. माझ्या शेजारच्या शिंपिणीचे दात लाठीनं पडले आणि ती वेडी ते रस्त्यावरून वेचत बसली. एका शिपायानं केस धरून मला फरफटवलं. मी त्याच्या मनगटाचा लचका तोडला. तोंडात त्याचं रक्त, आणि डोळ्यांसमोर ती आमच्याच हातची कडक कॉलर. मिरची मला सोडवायला धावली. लाठी तिच्या कानामागे बसली. चपलेचा अंगठा तुटल्यावर बसावं तशी ती खाली बसली, आणि मागून घोडा तिच्यावरून गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या तोंडावर चादर ओढली. मी तिची एक चप्पल घेऊन घरी आले.

सासरे दारातच खुर्ची टाकून बसले होते. "झालं का ओरडून? किती मेले?"

या प्रश्नाचं उत्तर एकदा त्यांच्या तोंडावर फेकायचं, हे मी कितीदा मनात घोकलं होतं.

"एक!" मी किंचाळले. "झालं समाधान?" आणि चप्पल त्यांच्या मांडीवर टाकली. त्याची मला आजही लाज वाटते.

चप्पल त्यांनी लगेच ओळखली. तिचा अंगठा गेल्याच आठवड्यात त्यांनी शिवून दिला होता. ते टाक्यांवरून बोट फिरवत राहिले. मग मूठ वळून स्वतःची छाती बडवू लागले, इतक्या जोरात की मला त्यांचे हात धरावे लागले.

"आमच्यातला पहिला पडला ना," ते म्हणाले, "तेव्हा मी मालकाकडे गेलो होतो. त्यानं विचारलं, किती मेले? मी म्हटलं, एक."

"मग?"

"मिशीतल्या मिशीत हसला."