सलाईनआधीचा नमुना

"आधी नमुना, मग सलाईन." योगेंद्र सरांनी नर्सच्या हातातली नळी चिमटीत दाबून धरली. "एकदा पाणी चढलं की पेशी निवळतात. मग पाहुण्यांना दाखवू काय, कपाळ?"

खाटेवर रत्ना गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती. सिकलसेलचा झटका होता. तिची आई झुंबरबाई पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावरून तिला पहाटेच्या एसटीनं धुळ्याला घेऊन आली होती. हिमोग्लोबिन पाच. डॉक्टरांनी रक्ताची बाटली लिहून दिली, आणि रक्तपेढीनं सांगितलं, बी पॉझिटिव्हवाला माणूस घेऊन या. तो कागद हातात धरून झुंबरबाई सकाळपासून ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत फिरत होती.

"ताई, पहिले तिले पाणी लाव ना व. पोर तळमळी ऱ्हायनी," ती संघमित्राला म्हणाली. संघमित्रा सरांच्या लॅबमधली टेक्निशियन. सुई तिच्याच हातात होती.

"पाचच मिनिटं, मावशी," सरच बोलले. सरांचा प्रयोग बघायला जळगावचे पाहुणे खाली येऊन बसले होते.

संघमित्राला शिसारी आली. सरांची आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची. आजवर सहा वेळा हेच 'पाचच मिनिटं' तिनं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. चांगली रक्तपेशी आपल्याहून अरुंद वाटेत शिरताना अंग दुमडते आणि पलीकडे गेली की पुन्हा उलगडते. रत्नाच्या पेशी ताठ, त्या दुमडत नाहीत. मागच्या खेपेला काचेच्या पट्टीतल्या बारीक वाटेत तिची एक पेशी तोंडाशीच आडवी बसली, मागची सगळी रांग तुंबली, आणि सर सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर टाळी वाजवून म्हणाले होते, "काय सुंदर अडकलीय!" सुंदर म्हणे! तिकडे वॉर्डात पोरगी उशी चावत होती.

"सर, तुम्ही पाहुण्यांना लॅबमध्ये बसवा. मी नमुना घेऊन येते."

सर गेले. संघमित्रानं नर्सला खूण केली आणि सलाईन सुरू झालं. मग लॅबमागच्या खोलीत जाऊन तिनं दार लोटलं, रबरी पट्टा दातांत धरून स्वतःच्याच दंडाला आवळला.

लॅबमधल्या पडद्यावर पेशी येत होत्या, दुमडत होत्या, निघून जात होत्या.

"थांबा हं, आता अडकेल," सर म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आता बघा." काही अडकलं नाही. पाहुण्यांपैकी एकानं जांभई दिली, दुसऱ्यानं फोन काढला. शेवटी सगळे चहाला गेले.

"कुणाचं आहे हे?" सरांनी मागे थांबून दातओठ खात विचारलं.

"माझं."

"चारचौघांत माझं हसं केलंस! उद्यापासून तोंड दाखवू नकोस." दार आपटून ते गेले.

त्याच दारातून झुंबरबाई आत डोकावली. कागद अजून हातातच होता. पडदा चालूच होता. ती बघत राहिली, आणि सकाळपासून आवळलेला तिचा चेहरा जरा सैल झाला.

"हाई मनी रत्नानं शे का व? किती मोकळं चाली ऱ्हायनं!"

संघमित्राला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं.

"नाही, मावशी. माझं आहे."

"तुनं?" झुंबरबाईनं पडद्याकडे बघितलं, मग कागदाकडे. "तुनं कोणतं शे?"

"बी पॉझिटिव्ह."

रत्नाचा गट तीन वर्षांपूर्वी संघमित्रानंच तपासला होता. 'अगं, हा तर माझाच,' असं हसून तिला सांगितलंही होतं.

"म्हणजे ह्या कागदवरलंच?"

संघमित्रानं मान हलवली.

झुंबरबाई रागावली नाही. तिला खरोखरच कळत नव्हतं.

"मंग सकायपाईन माले काबर फिरू दिधं व, ताई?"

संघमित्रानं तिच्या हातातून कागद घेतला.

"चला," एवढंच ती म्हणाली.