तळवा दाखव

बारामतीच्या मोठ्या कॉलेजनं काढून टाकलेला कबड्डीचा कोच अंथुर्ण्याच्या शाळेत येतोय हे कळलं, तेव्हा स्वरूपा फणकाऱ्यानं म्हणाली, "डाळिंब चांगलं असतं तर व्यापाऱ्यानं बाजूला काढलं असतं व्हय?"

ती मुलींच्या संघाची कॅप्टन. दोन वर्षं तालुक्याची फायनल हातातोंडाशी येऊन गेली होती. यंदा दहावी, म्हणजे शेवटचीच संधी. ती असल्या माणसाच्या हवाली करायची?

कारण शिंगाडे सरांची कहाणी त्यांच्याआधीच एसटीनं गावात उतरली होती. ऐन फायनलमध्ये ते स्वतः पंचांकडे गेले होते आणि आपल्याच खेळाडूचा पाय रेषेवर पडला म्हणून सांगून आले होते. कप गेला, पाठोपाठ नोकरी गेली. देवमाणूस म्हणणारे दोघं-तिघं होते. बाकीचा गाव म्हणत होता, समोरच्यांनी फोडला असणार. स्वरूपा गावाच्या बाजूची.

सर आले ते पांढऱ्या फक्कीचं पोतं घेऊन. रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेच्या रेषा ते स्वतःच्या हातानं आखायचे, त्याही चांगल्या जाड. मुलगी चढाई करून परतली की एकच वाक्य.

"तळवा दाखव."

तिनं पाय मागं वळवून दाखवायचा. घामेजल्या तळव्याला पांढरं लागलेलं दिसलं की बाद, आणि वर मैदानाला फेऱ्या.

"हा कोच हाय का पायाचा ज्योतिषी?" संघातली प्रतीक्षा कुजबुजली. सगळ्या फिदीफिदी हसल्या. स्वरूपा मात्र हसली नाही. कुणाचा पाय कुठं चुकतो याची हा माणूस एवढी माहिती कशाला गोळा करतोय? उद्या कुणाच्या कानात घालायला? सर फोनवर बोलत बाजूला गेले की ती पाणी प्यायच्या निमित्तानं मागं जायची. ऐकू यायचं ते बायकोच्या गुडघेदुखीचं. तरी संशय काही हलेना.

एक मात्र होतं. पाय शहाणे होत चालले होते. पुढंपुढं तर सांगावंही लागेना. चढाई संपली की नाल ठोकून घ्यायला बैलानं उचलावा तसा पाय आपोआप वर.

फायनल इंदापूरला होती. शेवटच्या चढाईपर्यंत गुण बरोबरीत. स्वरूपा आत घुसली, कोपऱ्यातल्या पोरीला शिवली, तिघींना हुलकावणी देत कडेकडेनं पळाली आणि उडीनं मधली रेषा ओलांडून आली. पंचांनी गुण दिला. पोरींनी किंचाळून मैदान डोक्यावर घेतलं.

धापा टाकत ती सरांसमोर आली आणि सवयीनं तिनं तळवा वळवला.

टाच पांढरी होती.

तिनं सरांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा दगडासारखा, पण मांडीजवळची बोटं घाईघाईनं हलत होती. खाली. पाय खाली. तिला समजायच्या आत मागं उभ्या पंचांनी वाकून टाच बघितली. गुण फिरला, आणि तालुका तिसऱ्यांदा गेला.

परतीच्या टेम्पोजवळ शाळेच्या कमिटीचे विजयसिंह आबा वाटच बघत होते. बारामतीची खोड यानं हितंबी केली, पोरींना शिकवून ठेवलं, असं त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं. मग आबा स्वरूपाकडं वळले.

"पोरी, खरं सांग. सरांनी तुला खूण केली का?"

ही नोकरी आता आपल्या जिभेवर आहे, हे तिला कळलं. सरांनाही कळलं असावं, ते फक्त जमिनीकडं बघत होते.

"केली आबा," ती म्हणाली. "पाय खाली घे म्हणून."

आबा हसले. "म्हंजे माणूस सुधारलाय की," म्हणत त्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. नोकरी राहिली. वाटेत सगळ्यांना उसाचा रसही मिळाला.

सरांनी ग्लास तसाच ठेवला. ते एकदाही स्वरूपाकडं बघेनात.

फुटलेला माणूस गुण वाचवायला पाय लपव म्हणून कशाला सांगेल? इतके दिवस ती ज्याच्यावर डोळा ठेवून होती, तो बारामतीत खरंच सरळ वागला होता तर. वाकडा झाला तो इथं येऊन. आणि आपल्यासाठीच.

सोमवारी सराव झाला. रेषा आखलेल्या होत्या, पण बारीक. चढाई करून स्वरूपा परतली. सरांनी तळवा मागितला नाही, ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

तिनं पाय वळवला आणि एका पायावर तशीच उभी राहिली.

"बघा की सर," ती म्हणाली.

पाय थरथरायला लागला तरी तिनं तो खाली टेकवला नाही, सर वाकेपर्यंत.