चार किलोचा अंदाज

"पाणी पाजून मारायला आणलंय का मला इथं?" नीला माझ्या कानाशी पुटपुटली. हातात सहावा ग्लास. घाटकोपरच्या त्या सोनोग्राफी सेंटरात भिंतीला टेकून आठ बायका बसलेल्या, सगळ्या तुडुंब, आणि संडासाच्या दाराकडे पाहायचीही चोरी. पोटात पाणी भरलेलं असलं की आतलं नीट दिसतं म्हणे.

नीला माझ्या शेजारची सून, पहिलटकरीण, आठवा लागलेला. सासू मालनवहिनी समोरच्या बाकावर पिशवी छातीशी धरून. मी आपली सोबतीला. माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं, पण चाळीत कुणाला डॉक्टरकडे जायचं झालं की मलाच धरून नेतात.

शहाऐंशी साली हे मशीन आम्हाला नवंच होतं. पडद्यावरच्या राखाडी धुक्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाचं डोकं मोजलं, पोट मोजलं, मांडीचं हाड मोजलं. म्हणाल्या, बाळ अंगानं मोठं आहे, जन्मताना चार किलोपर्यंत जाईल. पण हा अंदाज, अर्धा किलो इकडेतिकडे. ऑपरेशनची सोय असेल तिथंच बाळंतपण करा.

ते 'अर्धा किलो इकडेतिकडे' सेंटरच्या पायरीवरच राहिलं. चाळीत पोचले ते नुसते चार किलो. नीलाचा नवरा जयवंत झकास म्हणाला. वरच्या मजल्यावरच्या मधुकरनं तालमीत नाव कधी घालताय म्हणून विचारलं. मालनवहिनींनी मात्र आल्या आल्या तांदूळ निवडायला घेतले, एकही खडा नसलेले.

दुसऱ्या दिवसापासून नीलाच्या ताटातला भात कमी झाला. मग तूप गेलं, मग केळं. पोर पोटात वाढू नये म्हणून, एवढंच वहिनी म्हणाल्या. नीला दुपारी माझ्याकडे येऊन रडायची आणि रडता रडता चार घावणे खायची. शेवटी मीच डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या चिडल्याच. आई उपाशी राहिली म्हणून बाळ लहान होत नाही, आई खंगते. मी ते वहिनींना जसंच्या तसं सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांनी नीलाला वाटीभर भात वाढला, थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसल्या, आणि अर्धा परत काढून घेतला.

मलाही राग आला त्यांचा. खोटं कशाला बोलू.

मग नीलाचे वडील धाकू गावाहून तिला न्यायला आले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? नीलानं ट्रंक आधीच भरून ठेवली होती. मालनवहिनी म्हणाल्या, पाठवायची नाही. कारण विचारलं तर भांडी आवरायला लागल्या.

नीला इतके दिवस गिळलेलं बोलली. उपाशी ठेवायचं, वर आईकडेही जाऊ द्यायचं नाही, मी कुणाचं काय घोडं मारलंय? मी जयवंतकडे पाहिलं, जयवंतनं पंख्याकडे. त्याच्या आधी वहिनींचं एक बाळंतपण झालं होतं, हे मला ठाऊक होतं. जयवंतलाही होतं. शेजारच्याच गावचे म्हणून धाकूंनाही असणार. एकट्या नीलाला नव्हतं. तीस वर्षांत कुणी त्याचा शब्द काढला नव्हता. असलं कोण विचारतं?

धाकू समजुतीच्या सुरात म्हणाले की डॉक्टर घाबरवतातच. गावची सुईण जुनी आहे, तिचा हात हलका आहे. आणि ते ट्रंक उचलायला वाकले.

मालनवहिनी पुढं आल्या आणि ट्रंकेवर बसल्या. व्याह्यांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. नीलाचा हात ओढून तिला शेजारी बसवलं. आमच्याशी त्या मुंबईचं बोलतात, पण तेव्हा तोंडात गावचं मालवणीच आलं.

"जयवंताच्या आदी माका एक झील झालो," त्यांनी त्या पहिल्या मुलाचं काढलं. "थयच, गावाक. तेवाच्या सुईणीचोय हात हलकोच होतो. डोक्या भायर इला, खांदे नाय इले."

नीलानं हात सोडवून घेतला नाही.

"तेचा वजन कोणी केला नाय," वहिनी म्हणाल्या. "मगे माझ्या हातार ठेवल्यानी. किती जड होतो, ता माका ठावक आसा."